तात्यांच्या यंत्राचं वजन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणजे कोण — चाकणच्या चौकात वडापावच्या रांगेत बिबट्या उभा होता आणि त्यानं चटणी जास्तीची मागितली, असं शपथेवर सांगणारा माणूस! आमच्या कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसचा दणका बसला की कासारवाडी स्टेशनात बाकड्यावर झोपलेला माणूस कूस बदलतो, ही थापही माझीच. लोक हसतात, चहा पाजतात. मग एवढी एकच गोष्ट तोंडातून का निघाली नाही? बघा राव, आत्ताही सांगायला बसलो तर आधी बिबट्याच निघाला.

चिखलीत महादूतात्यांचं लेथवर लोखंड कातून द्यायचं दुकान होतं. घराणं गावातलं जुनं. शेतं गेली, प्लॉट पडले, तात्या मात्र लेथपाशीच. मापातला केसाएवढा फरक ते नुसता अंगठा फिरवून सांगायचे — ही थाप नाही, मी मायक्रोमीटर लावून बघितलंय. साठी उलटल्यावर त्यांनी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र केलं. आत पितळेची दोन चाकं, एकमेकांच्या उलट फिरणारी. त्यांचं म्हणणं, चाकं पुऱ्या वेगात आली की यंत्राचं वजन घटतं. लोक हसले. हसणाऱ्यांत मी पुढे होतो.

माझं कंपनीतलं काम मापं तपासायचं. मोजायचं गेज बरोबर भरलं की त्यावर हिरवं स्टिकर, खाली माझी सही. आमच्या खोलीत ग्रॅमचाही बारीक अंश दाखवणारा काटा आहे. म्हणून तात्या माझ्याकडे आले.

"तुज्या काट्यावर ठिव. आदी बंद, मग चालू. शून्य आलं तर शून्य सांग, मला वाईट वाटायचं न्हाई. निस्तं कळू दे."

तीन दिवसांनी मी यंत्र परत आणलं. टपरीवर आठ-दहा जण होते. "काय रं, उडालं का तात्याचं इमान?" कुणीतरी ओरडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "अकरा ग्रॅम!" मी म्हणालो. "अकरा ग्रॅम कमी भरलं, तात्या! साहेब खुर्चीतनं पडायचा राहिला!" यंत्रावर हिरवं स्टिकर होतं, त्यावर माझी सही. ते मी कंपनीतूनच लावून आणलं होतं — म्हणजे ऐन वेळी जीभ घसरली, असंही म्हणता येत नाही.

तात्यांनी यंत्र दोन्ही हातांत घेतलं.

पुढे अकराचे बावीस करायचे म्हणून त्यांनी ते उघडलं, बेअरिंग बदललं. मग सोनाराकडे असतो तसा काटा विकत आणला. फरक शून्य. जुनं बेअरिंग परत घातलं. शून्य. नवं यंत्र केलं, आणखी एक केलं. सहा वर्षं करत राहिले. माझ्या मोजण्यावर त्यांनी शंका घेतली का? एकदाही नाही. शंका घेतली ती स्वतःच्या हातांवर. "मीच मोडलं रं," म्हणाले. "एकदाच जमलं हुतं, ते बी ह्या हातांनी घालवलं." मी धीर द्यायला गेलो — अहो तात्या, पंधरा ग्रॅम म्हणजे काय खायचं काम आहे! "पंधरा न्हाई," ते म्हणाले. "अकरा."

मी ते यंत्र मोजलंच नव्हतं. तीन दिवस ते माझ्या लॉकरमध्ये होतं, घामट कपड्यांखाली. काटा टेबलापासून दहा पावलांवर. कामाचा ताण होता? नव्हता. विसरलो? रोज लॉकर उघडत होतो. शून्य आलं तर त्यात सांगण्यासारखं काय राहतं — एवढंच मनात आलं होतं.

तात्यांनी लेथ बंद केला. मी अजून जातो, त्यांच्या शेजारी बसतो. माझ्या आत काही हलत नाही. चहा येतो, पितो. गेल्या महिन्यात काळेवाडीचा एक जण पंपाचा बुश, म्हणजे धातूचं छोटं नळकांडं, घेऊन आला. दहा मिनिटांचं काम. तात्यांनी बुश हातात घेतला, आतून अंगठा फिरवला आणि परत दिला.

"दुसरीकडं जा भावा. माजा हात गेलाय."

त्या माणसाला ते पटेना. त्यानं माझ्याकडे बघितलं. "खरंच का हो?"

मी मान हलवली. हो म्हणून.