मंत्रिपद गेल्यानंतरचा सत्कार

कॅनडाच्या मंत्रिमंडळात कोणाला घ्यायचं आणि कोणाला गाळायचं, हे खुद्द पंतप्रधानांच्याही आधी कोणाला कळत असेल, तर ते हॅमिल्टनमध्ये एका बेसमेंटात राहणाऱ्या आमच्या साडूंच्या वडिलांना. इथली सगळी मराठी मंडळी त्यांना काकाजी म्हणतात. अमरावतीला ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची खरी कीर्ती वेगळीच होती. राज्यात सरकार बदललं की निम्मी गल्ली त्यांच्या दारात जमायची आणि "गुरुजी, आपल्या जिल्ह्याले काय भेटन?" म्हणून विचारायची. त्यांचे अंदाज बहुतेक चुकायचे, तरी विचारणारे कमी होत नसत. काकू गेल्यावर साडूंनी त्यांना इथे आणलं आणि ही सगळी वर्दळ एका विमानप्रवासात संपली. "जेवलात का" आणि "थंडी वाजते का" यापलीकडे इथे त्यांना कोणी काही विचारेना. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवला की मुलाला एकच वाक्य ऐकवायचे, "मले परत पाठव बावा." जूनचं तिकीट काढून झालं होतं, आणि "बाबा, राहा" म्हणायचा धीर साडूंना होत नव्हता.

अशात गेल्या वर्षी पंतप्रधान बदलले, नवं मंत्रिमंडळ आलं आणि काकाजींच्या अंगात एकदम जीव आला. शपथविधी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून पाहिला. भाषणांनी माणूस फसतो, कोण कोणाच्या मागून चालतं तेवढंच पाहावं, असं त्यांचं शास्त्र. मग मला फोन. "अल्बर्टाले काय देल्लं, सांग बरं?" मला कुठलं ठाऊक असायला! "अरे, अल्बर्टा म्हंजे याइचा विदर्भ. जमिनीखालचं सारं त्याइचं, अन् रडनं बी त्याइचंच. अधूनमधून वेगळं होतो म्हनतात, तेही आपल्यावानीच." क्वेबेक हा त्यांच्या लेखी पश्चिम महाराष्ट्र, कारण त्याला दुखवून सरकार चालत नाही, समुद्रकाठचं हॅलिफॅक्स म्हणजे कोकण, आणि आम्ही राहतो ते ओंटारिओ म्हणजे पुणे-मुंबई; मी पुण्याचा असल्यामुळे त्याची सगळी पापं आपोआप माझ्या माथी आली. त्यात मंत्री कमी केलेले, खाती एकमेकांत मिसळलेली, काही खात्यांची नावं इतकी लांब की शेवटाला येईपर्यंत मी सुरुवात विसरायचो. कॅनडाचं मंत्रिमंडळ मला आधीही कळत नव्हतं. काकाजींनी समजावल्यावर महाराष्ट्राचंही कळेनासं झालं. मॉलच्या बाकावर बसलेल्या एका पंजाबी गृहस्थांना त्यांनी विचारलं, "आपके एरिया को क्या मिला?" त्या भल्या माणसाने पिशवी उघडून टोमॅटो दाखवले. घरी नातीला गाठून ते खातेवाटप सांगू लागले, तर ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आजोबा, नोबडी केअर्स." काकाजी हसले, पण त्या दिवशी संध्याकाळचा त्यांचा नेहमीचा फोन मला आला नाही.

या मंत्रिमंडळात आमच्या भागाच्या खासदार बाईंना जागा मिळाली होती. आता आपल्या भागात मंत्रिपद आलं म्हटल्यावर शाल-श्रीफळ नको? इथे असली पद्धत नाही, हे काकाजींना पटेना. त्यांनी मुलाकडून ईमेल लिहवून घेतली, इथल्या मराठी मंडळाच्या मागे लागून हॉल बुक करवला, आणि नवल म्हणजे बाईंच्या ऑफिसने होकारही दिला. पण थोड्याच आठवड्यांत निवडणूक लागली. बाई निवडून आल्या, पक्षही आला, आणि पुन्हा नवं मंत्रिमंडळ झालं. त्यात बाई नव्हत्या. सत्कार चार दिवसांवर आलेला. मंडळाच्या अध्यक्षांनी फोन केला, "काकाजी, कॅन्सल करू या ना. आता त्या मिनिस्टर कुठे आहेत? ऑकवर्ड होईल."

"मंत्री होती तवा तिले मानसाइची कमी होती काय?" काकाजी म्हणाले. "मानसं आता पाह्यजे."

बाई आल्या. स्वतः गाडी चालवत, एकट्या. हॉलमध्ये आम्ही मोजकीच माणसं, बाकी खुर्च्या. काकाजींनी शाल पांघरली, नारळ हातात दिला. "डू आय ओपन इट नाऊ?" बाईंनी गोंधळून विचारलं, आणि गोंधळात आम्ही सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. मग पोह्यांची बशी घेऊन त्या काकाजींच्या शेजारी येऊन बसल्या. आयुष्यभर मंत्रिमंडळांचा अभ्यास केलेले गृहस्थ, अशी मी त्यांची ओळख करून दिली होती; ती बाईंनी खरी मानली. हळू आवाजात म्हणाल्या, "देन टेल मी, सर. व्हाय डिड दे ड्रॉप मी?"

मी मराठीत सांगितलं. आता अल्बर्टा येणार, विदर्भ येणार, असं मला वाटलं. काकाजींनी मात्र हातातली बशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तिले सांग, तुहं काई चुकलं नाई बाई. जागा कमी पडली की घरच्याच मानसाले थांब म्हनतात. थो रागावत नाई ना, म्हनून."

मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं. बाईंनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं, मग हसून विचारलं, पुढच्या फेरबदलात माझं काय? "याइचं काई खरं नसते," काकाजी म्हणाले, "पन येनारा हिवाळा जाऊ दे. मंग पाहू." "अँड विल यू बी हियर, टू टेल मी?" बाईंनी विचारलं. ते मी सांगितलं. काकाजींनी नुसतीच मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साडूंचा मला फोन आला. आवाज असा की मी घाबरलोच. म्हणाले, "अरे, बाबांनी आज चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, मले बर्फातले बूट घेऊन दे. मे महिन्यात! मी विचारलं, आत्ता कशाला? तर म्हणाले, आता सेलमंधी स्वस्त भेटतीन."