बुटाचे खिळे

इंफाळजवळच्या टेकडीवर थोइबांचं धातू शोधणारं यंत्र सकाळपासून किणकिणत होतं. थोइबा शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या महायुद्धाचे अवशेष शोधत हिंडतात. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ याच डोंगरांत लढायला आला आणि परतलाच नाही, म्हणून हट्टाने मी त्यांच्याबरोबर आले होते. दुपारपर्यंत गंजकी काडतुसं आणि एक चेपलेला डबा निघाला. यंत्र वाजलं की छातीत धस्स व्हायचं, आणि डबाच निघाला की हायसं वाटायचं. मग मी आले तरी कशाला, हे माझं मलाच कळेना.

उन्हं कलताना बांबूच्या बेटाखाली बुटाचे खिळे दिसले, तळव्याच्या आकारात तसेच मातीत रुतलेले. थोइबांचं खुरपं थांबलं.

"खाली माणूस असेल," ते हळूच म्हणाले. "उकरू का?"

तो आमचा असेल, नाहीतर शत्रूकडचाही. त्याचीही कुणी वाट पाहिली असेलच.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी माती परत लोटली आणि यंत्र बंद केलं. टेकडी उतरताना मी प्रत्येक पावलाआधी थबकत होते. त्यांनी दोनदा विचारलं, "ताई, पाय दुखतोय का?"

दुखत नव्हता. तो कुठे टेकवावा, तेच कळत नव्हतं.