कॅमेरा धरलेला हात

अमावस्येला ऑपरेशन नको म्हणणाऱ्या पेशंटना तोंडावर हसणारी बाई आहे मी. पोटातले खडे काय तिथी बघून दुखतात का, हे माझं ठरलेलं उत्तर. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहिते.

नगरच्या (आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय नाही) एका खाजगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात घातलेला कॅमेरा मी धरते. सर्जन स्क्रीनवर बघून काम करतात, म्हणजे मी दाखवीन तेवढंच त्यांना दिसतं.

त्या सकाळी जामखेडकडच्या कौसाबाई टेबलावर होत्या. पित्ताशयात खडे. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. सरांनी पित्ताशयाची नळी मोकळी केली आणि कापण्याआधी ती बंद करायला क्लिप मागितली. कॅमेरा जरा फिरला होता, नळीची मागची बाजू दिसत होती.

"समोरून दाखव."

मी सरळ करायला गेले, तर मनगट हलेचना. पेटका नव्हता हो. कुणीतरी गच्च धरलं होतं... वरून चार बोटं, खालून अंगठा. बघते तर तिथे फक्त माझाच ग्लोव्ह.

"सिस्टर, समोरून म्हटलं मी!"

"हो सर."

कॅमेरा सोडता येईना, ओरडता येईना. माझा हात कुणीतरी धरलाय असं सांगितलं असतं, तर त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं. मास्कच्या आत घाम ओठांवर येत होता. अशी कोंडी आयुष्यात कधी झाली नव्हती. मनातल्या मनात मी गयावया करत होते — सोड, सोड ना!

"झोप लागली का तुला? उद्यापासून..." सर एकदम थांबले. स्क्रीनकडे वाकले. "थांब. हे काय आहे?"

यकृताकडून आलेली एक बारीक पित्तनळी मागच्या बाजूने पित्ताशयाच्या नळीला मिळत होती. काहींच्या शरीरात अशी वेगळी रचना असते, आधीच्या तपासणीत दिसतेच असं नाही. समोरून ती दिसलीच नसती. तिच्यासकट कापलं गेलं असतं आणि पोटात पित्त गळत राहिलं असतं. बाई वाचल्या असत्याच असं नाही.

सरांनी ती नळी वाचवून, तिच्या वर, पित्ताशयाच्या बाजूला क्लिप लावली. त्याच क्षणी माझा हात सुटला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. कौसाबाईंनी मला कधी पाहिलंच नव्हतं, मी थिएटरात गेले तेव्हा त्या भुलीत होत्या.

"बरं वाटतंय ना, मावशी?"

त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि हलकेच चोळलं.

"लई दुखलं का गं, पोरी? सोड सोड म्हनत हुतीस... पर कशी सोडू? मेले असते की मी."

ऑपरेशनभर त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या फळ्यांना पट्ट्यांनी बांधलेले होते. संपल्यावर मीच ते सोडले. या सगळ्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. आणि 'सोड' म्हणायला मी तोंड उघडलंच नव्हतं.