अण्णांची माती आणि वहिनींचा मोगरा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही कुंडीत भरायला आणलेली तयार मातीची पिशवी दाखवलीत, आणि वरच्या मजल्यावरच्या अण्णांबद्दल तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय हे माझ्या लक्षात आलं. अण्णा होते तेव्हा तुम्ही फार लहान होतात. माणसाच्या पोटाइतकीच कुंडीच्या पोटाची काळजी वाहणारा दुसरा गृहस्थ मी साऱ्या बेंगळुरूत पाहिला नाही.

पिशवीतल्या मातीला अण्णा 'हॉटेलचं जेवण' म्हणत. त्यांची माती घरची असे. देवनहळ्ळीकडून आणलेली लाल माती, कुजवलेल्या पानांचं खत, शहाळ्याच्या सोडणांचा भुसा, मूठभर निंबोळी पेंड. भुसा तांदळासारखा धुऊन घेत, कारण त्यातला खारटपणा मुळांना सोसत नाही. माती चाळायला घरातलीच पिठाची चाळण. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चाळणीला लाल रिबीन बांधली आणि बजावलं, "ही पोळ्यांची. हिला हात लावलात, तर उद्यापासून कुंडीतच जेवा." अण्णा कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी चाळण रिबिनीसकट गच्चीवर. तुमच्या आईच्या लग्नात सगळे फोटोसाठी उभे राहिले, तेव्हा अण्णांचा पत्ता नव्हता. ते सापडले कार्यालयाच्या स्वयंपाकघरामागे, रेशमी सदरा सावरत नारळाची सोडणं पोत्यात भरताना. "स्वल्प थांबा, अक्का," मला म्हणाले, "फोटो काय, नंतरही निघेल. हे लोक आत्ता कचऱ्यात टाकतील." मिश्रण जमलं की नाही हे पाहायला ते त्याचा लाडू वळत. मुठीत वळला पाहिजे आणि टिचकी मारली की फुटला पाहिजे. आल्यागेल्याच्या तळहातावर आधी हा लाडू येई, कॉफी नंतर.

वहिनी गेल्या त्या वर्षी हे सगळं थांबलं. गच्चीवर त्यांचा मोगरा तेवढा होता, बेळगावच्या माहेरून फांदी आणून त्यांनी स्वतः वाढवलेला. आमच्या इमारतीत शाडूच्या गणपतींचं विसर्जन घरीच बादलीत व्हायचं आणि ती माती अण्णांकडे जायची. एरवी ते ती चिमूट चिमूट वापरत. त्या वर्षी मात्र सगळ्या घरांची शाडू त्यांनी एकट्या मोगऱ्याला घातली. बाप्पा सांभाळेल, म्हणाले. शाडूच ती, घट्ट बसली. वर पाण्याचं तळं साचलं, पानं पिवळी पडली. लाडू वळत होता, फुटत नव्हता. एवढं कळूनही अण्णा कुंडीजवळ नुसते बसून राहायचे.

"उपसा ना ती," मी म्हटलं.

"देवाला उपसून टाकू कुठं, अक्का? आणि नाही उपसला, तर तिचा मोगरा जातो."

वहिनींबद्दल ते त्या वर्षी एवढंच बोलले.

"टाकायचं कशाला? प्रसादासारखा वाटा."

अण्णा चाळण आणायला उठले. कुंडी रिकामी केली, शाडू सुकवून फोडली, तिच्यात भरपूर भुसा कालवला आणि स्टीलचं पातेलं घेऊन दारोदार निघाले. कुणाच्या तुळशीत एक मूठ, कुणाच्या कढीपत्त्यात एक मूठ. खालच्या मजल्यावरच्या मामींनी पातेलं बघून डोक्यावर पदर घेतला आणि उजवा हात पुढे केला. "खायचा नाही, मामी," अण्णा म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले.

मोगऱ्याची कुजलेली मुळं छाटून आम्ही त्याला हलक्या मातीत बसवलं. दोनच फांद्या उरल्या, त्यातली एक पुढे वाळली. दुसरीला उन्हाळ्यात कळ्या आल्या. पहिलं फूल अण्णांनी वहिनींच्या फोटोला वाहिलं नाही, झाडावरच राहू दिलं.

अण्णा आता नाहीत. त्यांची माती मी करते, पण अगदी तशी होत नाही. मोगरा गच्चीवर आहे. एकाच बाजूने वाढतो, पण फुलतो.