आभाळाकडे तोंड केलेला बॅनर

लातूरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होते, तेव्हा सरांनी आमच्यातल्या प्रत्येकाकडून एक कागद लिहून घेतला होता. वारा किती असला तर निघायचं नाही, ढग किती खाली आले तर परत फिरायचं, अशा ज्याच्या त्याच्या मर्यादा, ज्याच्या त्याच्या अक्षरात. "आज डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहा," सर म्हणाले, "गरज पडेल त्या दिवशी ते असेलच असं नाही." सर हवाई दलातून निवृत्त झालेले होते आणि कौतुकाच्या बाबतीत कंजूष. मी लिहिलं, उन्हाळ्यात सकाळी दहानंतर एकटीने निघणार नाही. मे महिन्यात दहानंतर आमच्याकडची तापलेली जमीन हवेला असे धक्के देते, की छोटं विमान खडकाळ रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं चालतं.

लातूर ते नांदेड मी एकटीने चार वेळा गेले होते. चौथ्या वेळी नकाशा उघडलाच नाही. वाट जणू विमानालाच पाठ झाली होती. शिकाऊ वैमानिकाचा हा सगळ्यात धोक्याचा काळ, असं पुस्तकात होतं. मी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती आणि ते इतरांसाठी आहे असं समजून पान उलटलं होतं.

लोह्याच्या अलीकडचं आमचं गाव बरोबर वाटेवर येतं. पाचव्या खेपेला हजार फुटांवरून गावावर एक फेरी मारायची परवानगी सरांनी दिली, आणि ते मी फोनवर काकांना बोलून गेले. आमच्या गावात दहावी पास झालेल्यांचा, नव्या ट्रॅक्टरचा आणि बदली झालेल्या तलाठ्याचाही सत्कार होतो.

"तुझा सत्कार ठेवलाय," काका म्हणाले.

"अहो काका, मी वर असणार. सत्कार खाली कसा करता?"

"शाल-नारळ तुझ्या मायच्या हातात देऊ की. अन् बॅनर वावरात आडवा टाकलाय, तोंड वर करून. तुला वाचता यायला पाहिजे का न्हाई?"

कार्यक्रम मे महिन्यातल्या एका सकाळी आठचा होता. साडेसातला विमान तपासून मी तयार होते, तेवढ्यात काकांचा फोन आला. "पोरी, जरा दम धर. पाहुणे अजून नायगावातच हायेत."

आमच्या भागात वेळेवर आलेला पाहुणा प्रमुख आहे यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मी थांबले. सरांनी विचारलं, "निघाली नाहीस?"

"धूसर वाटतंय, सर. थोडं मोकळं होऊ दे."

"शाब्बास," सर म्हणाले. "याला म्हणतात निर्णय." आणि ते दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन वर गेले. वर्षभरात त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते मी धडधडीत खोटं बोलल्याबद्दल.

नऊ वाजता, काकांच्या फोननुसार, पाहुणे चहा घेत होते. दहाला निघाले होते. पावणेअकराला काका ओरडले, "आले! आता ये लवकर!" कागद खिशातच होता. तो एका घाबरट, नवशिक्या मुलीने लिहिला होता, अशी मी स्वतःची समजूत काढली आणि निघाले.

धक्के खात गावावर पोहोचले. हजार फुटांवरून वावरात एक रंगीत चौकोन दिसला. त्यातला सगळ्यात मोठा चेहरा पाहुण्यांचा होता. भोवती शुभेच्छुकांचे चेहरे, सगळे माझ्याकडे बघून हात जोडलेले. मी कुठे दिसेना. सातशे फुटांवर आले, तरी नाही. पाचशेवर सापडले, डाव्या कोपऱ्यात, बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो. खाली काय लिहिलंय ते वाचायला मी पंख आणखी कलवला, वळण आवळलं, खाली जाऊ नये म्हणून नाक थोडं वर ओढलं. वेगाच्या काट्याकडे बघायचं राहून गेलं.

भोंगा वाजला. विमान हवेवरची पकड सोडून पडायच्या बेतात आलं की तो वाजतो. पाचशे फुटांवर पडून सावरायला जागा नसते. पुढचं हातांनी केलं, डोक्याने नाही. नाक खाली, पंख सरळ, इंजिनाला पूर्ण जोर. वावर अंगावर आलं. मांडवापुढच्या लाल खुर्च्या एकेक मोजता येतील इतक्या जवळ दिसल्या. मग विमान उचललं गेलं. नांदेडच्या बाजूला ढग जमले होते. मी लातूरला परत फिरले.

सर धावपट्टीच्या कडेला उभे होते. ढग होते म्हणून फिरले, एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते खरंही होतं, आणि दुसरी शाब्बासकी नक्की होती. पण भोंगा अजून कानात वाजत होता, खोटं नीट रचता येईना. धूसरपणापासून सगळं सांगून टाकलं.

"भोंगा किती वेळ वाजला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"हं." ते विमानाकडे बघत म्हणाले, "पंधरा दिवस एकटीने उडायचं बंद. आणि सकाळची शाब्बासकी परत दे."

तेवढ्यात काकांचा फोन आला. मागे लाउडस्पीकर सुरू होता. "पोरी, नाव काढलंस! पाहुणे भाषणात म्हणले, आमच्या लेकीनं विमान वाकवून नमस्कार केला. लोक अजून टाळ्या वाजवून राहिलेत! लई भारी!"

"काका, तो नमस्कार नव्हता. विमान पडत होतं."

काका लाउडस्पीकरपासून लांब गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे इथं कुनाला सांगू नको. थांब, तुझी माय फोन मागून राहिली. ती टाळ्या बी वाजवंना, शाल घिऊन नुसती उभी हाय."

आईने फोन घेतला. "उतरलीस का?"

"हाव."

"जमिनीवर हायस?"

"हाव, आई. उभी आहे."

"मग बस जरा," ती म्हणाली, आणि मी तिथेच विमानाच्या सावलीत बसले.