इंजिन एक भोक वर

माझी वहिनी फार बोलत नाही आणि हातातलं सोडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत असल्या की घरच्यांनी मुकाट्यानं बाजूला व्हावं, हे मी त्या बोटीपायी शिकलो.

दादा-वहिनी काही हंगाम कोकणात बोटींच्या कारखान्यावर कामाला होते. परतताना वस्तीच्या मासेमारी गटासाठी त्यांनी एक जुनी बोट ट्रकवर घालून आणली. दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर फळ्यांचा एकच तक्ता ठोकावा, तशी. मागं दोन्हींना एकेक इंजिन. गटाला मासे हवे होते. वहिनीच्या डोक्यात माझी माय होती.

मायचं माहेर धरणापल्याड. मामा अंथरुणाला खिळलेला, सारखी बहिणीची आठवण काढत होता. रस्त्यानं, आसेगावकडून फेऱ्यानं जायचं तर मायची कंबर अर्ध्या वाटेत जवाब द्यायची. एकदा तिला तशीच परत आणावी लागली होती. पाण्यावरून जाऊ म्हटलं, तर त्या डबड्यात मी पाय ठेवणार नाही, असं तिनं साऱ्या वस्तीला ऐकवलं.

इंजिनं दादानं बसवली. त्याचा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला, म्हणून होतील तेवढी खाली. बोट निघाली ती मागून बसकण मारून, नाक आभाळाकडे. इंजिनं नुसती बोंबलत होती. या चालीनं पेट्रोल मधेच संपलं असतं. काठावरची माय घरी गेली आणि मला वाटलं, आता मामाची भेट काही होत नाही.

वहिनी दादाला एवढंच म्हणाली, "नांगर खोल लागते. हे पाण्यात रोवाले नाई, पाण्यावर चढाले हाये."

इंजिन टांगायच्या पट्टीला एकाखाली एक बोल्टची भोकं होती; तिनं दोन्ही इंजिनं दोन भोकं वर घेऊन बोल्ट आवळले. बोट सरळ सुसाट गेली, पण वळवली की दोन होड्यांमधलं फेसाळ पाणी पंख्यात शिरायचं. इंजिन किंचाळायचं आणि बोट रेटा सोडून द्यायची. मग तिनं इंजिनं एक भोक खाली घेतली. आता नाक पाण्यात घुसायला लागलं, तर खालची खीळ एक घर मागं सरकवून तिनं इंजिनाचा कल बदलला. पदर खोचलेला, कोपरापर्यंत ग्रीस. दादा पाने देत होता. मला वजन म्हणून बसवलं होतं. तुम्हाला याहून चांगलं काम कुठं मिळालं असतं भाऊजी, असंही तिनं विचारून घेतलं.

आणि बोट चढली. मागची बाजू उचलली, नाक खाली आलं, दोन्ही होड्या पाण्यावरून घसरू लागल्या, वळणावरसुद्धा. मला भरून आलं, सांगायला लाज कसली.

काठाला आलो तर माय उभी, हातात पिशवी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. वहिनीच्या मागं बसून तिनं तिचा खांदा घट्ट धरला. वहिनीनं सासूला जपून बोट हळूच काढली, तशी बोट पुन्हा मागून बसली आणि हिंदकळू लागली.

"बाई, हळू कायले चालवून राह्यली?" माय म्हणाली. "माहा भाऊ वाट पाहून राह्यला."

वहिनीनं वेगाचा दांडा पुढं रेटला. बोट वर आली आणि हिंदकळणं थांबलं. पल्याडच्या काठावर मामाची बाज आणून ठेवलेली दिसली. बाज काठावर आणून ठेवा, असा फोन वहिनीनं सकाळीच केला होता, बोट चढायच्या आधी.