आगगाडीच्या खेळातली स्टेशनमास्तर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक आहे. वरच्या ऑफिसातून भलत्या वेळी माहिती मागवली की मी चिडते, पोषण आहाराच्या तांदळात खडे निघाले की चिडते, आणि जोडीचे सर रजेवर जाणार असले की दोन दिवस आधीपासून चिडून ठेवते. पण ही गोष्ट सांगताना चिडायला दुसरं कुणी सापडत नाही. शोधलं मी पुष्कळ.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका वस्तीवर आमची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चारी बाजूंनी ऊस. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. व्याकरण म्हटलं की पोरं एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं करायची, आणि खरं सांगू का, माझंही तोंड काही वेगळं नसायचं. कर्ता, कर्म, क्रियापद फळ्यावर लिहून मी कितीतरी वर्षं घसा कोरडा केला. राजानं आंबा खाल्ला, राजानं आंबा खाल्ला! त्या राजाला अजीर्ण झालं असेल, पण पोरं पुढं सरकायला तयार नाहीत.

म्हणून मी आगगाडीचा खेळ काढला. लग्नसराई संपली की वस्तीवर घरोघरी पत्रिकांचे ढीग पडलेले असतात. त्या मागवल्या, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेननं एकेक शब्द लिहिला. मैदानात फक्कीनं रूळ आखले. दोन गट करायचे, प्रत्येक पोरानं ढिगातली एक पत्रिका उचलायची, छातीशी धरायची आणि पळत जाऊन आपल्या जागेवर उभं राहायचं. पुढं इंजिन म्हणजे कर्ता, शेवटी गार्डाचा डबा म्हणजे क्रियापद. ज्या गटाचं वाक्य आधी जुळेल त्याची गाडी लिंबाला वळसा घालून यायची. एकदा 'म्हशीने गणवेश घातला' अशी गाडी उभी राहिली. दुसरा गट भांडायला उठला. मी म्हटलं, वाक्य बरोबर आहे, म्हैस शाळेत आली की तिचं तिला विचारू. त्या दिवशी पोरं हसून हसून लोळली. महिन्याभरात कर्ता-कर्म त्यांच्या पायांत उतरलं.

जिची ही गोष्ट, ती पोरगी तिसरीत माझ्याकडं आली तेव्हा हा खेळ जोरात चालू होता. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि तोंडाची टकळी अशी की ऐकणाऱ्यानं दमावं. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, बाप हंगामात कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. पहिल्याच खेळात तिच्या हाती 'बसली' आलं, आणि ती जाऊन उभी राहिली थेट इंजिनाच्या जागी. "ए, मागं जा की!" "अगं, वाच की काय लिवलंय!" "हिच्यामुळं गाडी बंद पडली!" पोरं अशी तुटून पडली की ती मधोमध उभी राहून पत्रिकेकडं बघत हमसून हमसून रडायला लागली.

माझं काळीज पाणी पाणी झालं. माझ्या गळ्यात कवायतीची शिट्टी होती, ती काढून मी तिच्या गळ्यात घातली. म्हटलं, आपल्या गाडीला स्टेशनमास्तर कुठाय? आजपासून ही स्टेशनमास्तर. हिनं शिट्टी वाजवल्याशिवाय एकही गाडी हलायची नाही. तिचं रडं क्षणात थांबलं. त्या दिवशी मी केलं ते चांगलंच केलं, असं मी आजही म्हणेन. दुसऱ्या दिवशी शिट्टी परत घ्यायला पाहिजे होती.

मी घेतली नाही. गाडी उभी राहिली की ती माझ्याकडं बघायची. वाक्य बरोबर असलं की माझी हनुवटी जरा खाली जायची, चुकलं की एक भुवई वर. मुद्दाम खुणा अशा ठरवल्या नव्हत्या हो, माझ्या मनातलं सगळं तोंडावर दिसतं, काय करणार! दोन दिवसांत तिनं ते हेरलं. मग ती ऐटीत रुळाच्या कडेनं चालायची, एकेका डब्यासमोर थांबून वाचल्यासारखं करायची, शेवटी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडं एक नजर, आणि फुर्रर्र! कधीच चुकायची नाही. जी पोरं तिच्यावर ओरडली होती, ती आता "आमची तपास की, आमची तपास" म्हणून तिची मनधरणी करायची.

तिचं पाठांतर तर विचारू नका. कविता दोनदा ऐकली की तोंडपाठ. धडासुद्धा. पुस्तक समोर धरून, ओळीखाली बोट फिरवत ती अख्खा धडा म्हणायची, पान उलटायचं तिथं बरोबर उलटायची. एक दिवस तिच्या पुस्तकाची दोन पानं खिचडीच्या खरकट्यानं चिकटली होती. तिनं पान उलटलं ते पुढच्याच धड्यावर गेलं. चित्रसुद्धा वेगळं. आणि ती आपली मागचाच धडा म्हणत राहिली, बोट भलत्याच ओळींवर फिरवत.

मी बघितलं ते. हे मला लिहून टाकलंच पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा तो दिवस होता, म्हणजे ती तिसरीत असतानाच मला कळलं होतं की या पोरीला वाचता येत नाही. मनात म्हटलं, उद्यापासून हिला अर्धा तास वेगळं घेऊन बसायचं. उद्या मतदार यादीचं काम आलं. परवा कसलं तरी ऑनलाइन भरायचं होतं. मग सर आजारी पडले आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात. सबबी सगळ्या खऱ्या आहेत, एकही खोटी नाही. पण आगगाडीला मला रोज वेळ मिळत होता, ही गोष्टही तितकीच खरी.

कारण आगगाडी गाजायला लागली होती. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. त्यात सगळ्यांत गोड कोण दिसत होतं, तर शिट्टी फुंकणारी ही. केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, स्वतः बघायला आले. म्हणाले, "मॅडम, काय पोरगी तयार केलीय! एका नजरेत वाक्य ओळखते." मी काय बोलले? काही नाही. हसले. कौतुकानं फुगलेल्या माणसाला कुठला आवाज फुटतो!

पुढच्या वर्षी, ती चौथीत असताना, शिक्षण परिषदेत नमुना पाठ घ्यायला मला बोलावलं. सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात, तिथं. मी पोरं जीपमध्ये घालून नेली. हिला नवी रिबीन मी स्वतः आणून बांधली. पाठ झकास झाला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचे निवृत्तीला आलेले एक गुरुजी उठले, खाली पडलेली एक पत्रिका उचलून तिच्यासमोर धरली आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाळ, एवढं वाचून दाखव बरं."

तिनं माझ्याकडं बघितलं. आता हनुवटी हलवून काय उपयोग होता! मी पुढं झाले, गुरुजींच्या हातातली पत्रिका हसत हसत काढून घेतली आणि म्हटलं, "गुरुजी, ती लाजते. आणि आमच्या गाडीची वेळ झालीय." सगळे खो खो हसले. गुरुजी हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत जागेवर जाऊन बसले, आणि त्यांचा मला असा संताप आला, असा संताप आला की परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये पुटपुटत होते, म्हाताऱ्याला नसते उद्योग. आपली चूक दुसऱ्यानं पकडली की माणूस पहिल्यांदा त्याच्यावरच चिडतो. सत्काराचा नारळ मिळाला होता, त्याची मी घरी चटणी केली आणि सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली.

वर्षाच्या शेवटी वाचनाच्या नोंदी करायच्या असतात. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, असे चार रकाने. पोर जिथवर पोचलं तिथं बरोबरची खूण. तिच्या नावापुढं मी पेन धरून बसले. अक्षरावर खूण केली असती तर साहेबांनी विचारलं असतं, दोन वर्षं काय केलंत? व्हिडिओतली पोरगी ती हीच ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी उतारा या रकान्यात खूण केली आणि वही मिटली.

जूनमध्ये ती पाचवीला शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेली, आणि लाज वाटते सांगायला, मी तिला विसरलेसुद्धा. नवी तिसरी आली, नवी शिट्टी आली.

पाऊस उघडला होता, खुरपणीचे दिवस होते. दुपारच्या सुट्टीत तिची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. रानातून तशीच आली होती, हातात खुरपं, पाय चिखलानं भरलेले. आत ये म्हटलं तर येईना, फरशी खराब होईल म्हणाली.

"मॅडम, पोरगी शाळंत जायची न्हाई म्हनती."

"का गं? कुणी मारलं का?"

"मारलं न्हाई कुनी. तिकडच्या सरांनी इचारलं, कोन वाचून दाखवतंय. हिनं सोताच हात वर केला, मॅडम. लई हौसंनं. अन् पुस्तक उघडलं तर तिला येकबी अक्षार लागंना. तशीच हुबी राह्यली. तिला वाटलं, पुस्तकच खराब हाय. सरांना म्हनली, ह्ये पुस्तक नगं, आमच्या मॅडमचं द्या." ती हातातल्या खुरप्याकडं बघायला लागली. "सगळा वर्ग हसला म्हनं. तवापसनं घरात बसलीय. टकळी बंद झालीय पार."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण ती म्हणाली, "तुमच्याकडं किती हुशार हुती. तिकडं गेल्यावर काय झालं कुनास ठावं. तुमी येकदा समजावा तिला. तुमचं ऐकती ती." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी म्हटलं, रोज पाचला माझ्याकडं पाठव. एवढंच म्हटलं. खरं काय झालं ते तिला त्या दारात सांगायचं धाडस मला झालं नाही.

तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी ती आली. रिबिनी नव्हत्या, केस नुसतेच बांधलेले. आम्ही व्हरांड्यात बसलो. सगळे घरी गेले होते, शेजारच्या विहिरीवरची मोटर तेवढी चालू होती. जुनं पुस्तक मी मुद्दामच घेतलं नव्हतं, ते तिला पाठ होतं. कोऱ्या कागदावर तीन शब्द लिहिले. घर. ऊस. विहीर.

तिनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. कागदाकडं नाहीच. मी तोंड कोरं ठेवायचा प्रयत्न केला. ती बघतच राहिली. शेवटी मी मान खाली घातली आणि कागदाकडं बघत बसले. तेव्हा ती हळूच म्हणाली, "चुकलं का?" अजून तिनं एक अक्षरसुद्धा उच्चारलं नव्हतं.

"अगं, तू वाचलंस कुठं?"

बोट तिथंच. मग ती म्हणाली, "मॅडम, मला वाचाया येत न्हाई, ह्ये तुमाला ठावं हुतं?"

आयुष्यात इतकी थापा मारणारी पोरं बघितलीत मी, थाप कशी मारावी हे मला शिकवायला नको. 'नाही गं बाळा' हे तीन शब्द जिभेच्या टोकावर होते. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि माझं तोंड तिच्याइतकं कुणालाच वाचता येत नाही.

"होय," मी म्हटलं. "ठाऊक होतं. मला माफ कर."

ती रडली नाही. कागदावरून बोट उचलून तिनं हात मांडीवर घेतला आणि कसला तरी हिशेब करावा तशी मैदानाकडं बघत राहिली.

"मंग वर्गातल्या पोरास्नी बी ठावं हुतं," ती म्हणाली. "इथल्या सरांना बी. सगळ्यांनाच ठावं हुतं. मला येकलीलाच न्हवतं."

सहा वाजेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून होतो, आणि त्या दिवशी तिनं 'घर' वाचलं नाही.